राज्य आधी की भाषा आधी? सीमाभागातल्या मराठी श्रोत्यांसोबत केलेला एक वापरकर्ता-अभ्यास

एका सार्वजनिक प्रसारण सेवेच्या संकेतस्थळाची नव्याने मांडणी चालू होती. रचनाकारांनी काढलेल्या कच्च्या आराखड्यात पहिल्याच पडद्यावर एक चौकट होती: ‘तुमचं राज्य निवडा’. महाराष्ट्र निवडलं की पुढची सगळी पानं मराठीत, कर्नाटक निवडलं की कन्नडमध्ये, गोवा निवडलं की कोकणीत. मोठ्या शहरांत झालेल्या पहिल्या चाचण्यांत या चौकटीवर कुणी अडलं नव्हतं. लोक एक बोट दाबून पुढे जात होते, आणि त्यामुळे आराखड्यातली सगळ्यात पक्की जागा म्हणून ती मानली गेली होती.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात ती टिकणार नाही असं मी म्हटलं आणि सीमाभागाचा वेगळा अभ्यास करायचं काम आमच्या छोट्या गटाकडे आलं. इथला मराठी माणूस कर्नाटकात राहतो. रेशनकार्ड कर्नाटकाचं, विजेचं बिल हेस्कॉमचं, जमिनीचा उतारा कर्नाटकाच्या ‘भूमी’ नोंदींतला. मुलं मराठी शाळेत, खरेदीला आणि पाहुण्यांकडे जाणं-येणं कोल्हापूर-गडहिंग्लजला, थोरला मुलगा नोकरीला गोव्यात. त्याला राज्य विचारायचं आणि त्यावरून त्याची भाषा ठरवायची, हे दोन वेगळ्या प्रश्नांना एकच उत्तर मागणं झालं.

शिवाय या प्रश्नाला इथे इतिहास आहे. १९५६ ची राज्य पुनर्रचना, १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल, २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा. ज्या प्रश्नावर लोकांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या, तो प्रश्न पावसाची बातमी बघायला आलेल्या माणसापुढे ठेवायची काहीच गरज नाही.

आकड्यांत मराठी वाचक दिसत का नव्हता

सीमाभाग मूळ नियोजनात नव्हता याला कारण होतं. संकेतस्थळाच्या भेटींच्या नोंदींत बेळगाव जिल्ह्यातून मराठी पानांवर फारसं कुणी येताना दिसत नव्हतं. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात मराठी मातृभाषा सांगणाऱ्यांचं प्रमाण पाचात एकाच्या जवळपास आहे. म्हणजे माणसं होती, पण नोंदीत उमटत नव्हती.

हे कसं घडतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. वाचक कुठला आहे हे संकेतस्थळ त्याच्या इंटरनेट पत्त्यावरून ताडतं. मोबाइलच्या बाबतीत हा अंदाज फार ढोबळ असतो. कंपनीची वाहतूक ज्या मोठ्या केंद्रातून बाहेर पडते तिथलंच ठिकाण नोंदलं जातं, त्यामुळे बेळगावच्या वडगाव भागात बसलेला माणूस बेंगळुरूचा म्हणून मोजला जाऊ शकतो. भाषा ताडायची ती फोनच्या सेटिंगवरून, आणि आम्ही पाहिलेले बहुतेक फोन इंग्रजीवर होते. दुकानदाराने जसा हातात दिला तसाच तो वापरला जात होता. म्हणजे नोंदीप्रमाणे हा वाचक बेंगळुरूचा आणि इंग्रजी. त्याच्यासमोर आपोआप कन्नड किंवा इंग्रजी पान येतं, तो निघून जातो, आणि त्याचं निघून जाणं हे ‘इथे मराठी वाचक नाही’ याचा पुरावा म्हणून साठत राहतं. भेटींच्या आकड्यांवरून कुठे संशोधन करायचं हे ठरवणाऱ्या प्रत्येकाने हा फेरा लक्षात ठेवावा. जे लोक आपल्या रचनेमुळे बाहेर राहिले, ते त्या रचनेच्या आकड्यांत सापडणार नाहीत.

कुणाला भेटलो आणि कसं

वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब निल्सन यांचं २००० सालचं म्हणणं या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे: पाच माणसांवर चाचणी घेतली की वापरातल्या बहुतेक अडचणी कळतात. पण ते एकसारख्या वापरकर्त्यांच्या एका गटाबद्दल आहे. निपाणीची विडी कामगार, वडगावचा यंत्रमागवाला आणि कणकुंबीचा शेतकरी हा एक गट नव्हे. म्हणून आम्ही तीन गट धरले आणि प्रत्येकात पाच-सहा माणसं घेतली: निपाणी भागातल्या विड्या वळणाऱ्या बायका, बेळगावच्या शहापूर-वडगाव-खासबाग भागातले विणकर, आणि खानापूरच्या पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडचे शेतकरी व कॉलेजची मुलं.

माणसं गाठली ती बचत गटांमार्फत, किराणा दुकानांमार्फत आणि गावातल्या वाचनालयांतून. ओळखीच्या माणसाने सोबत यावं लागलं, कारण हातात कागद घेऊन भाषेबद्दल विचारणारा अनोळखी माणूस इथे संशयानेच पाहिला जातो. तुम्ही (महाराष्ट्र एकीकरण) समितीचे की सरकारचे, हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरी आला, आणि तो रास्तच होता. त्यामुळे आम्ही निवडीच्या प्रश्नावलीतून ‘मातृभाषा’ हा रकाना काढून टाकला. त्याऐवजी विचारलं: काल बातम्या कुठल्या भाषेत ऐकल्या? सरकारी कागद आला तर कोण वाचून दाखवतं? मुलांशी फोनवर काय लिहिता? या उत्तरांतून भाषेचं चित्र जास्त खरं उभं राहिलं. अनेकांना कन्नड बोललेलं नीट समजतं, बाजारात बोलताही येतं, पण लिपी वाचता येत नाही. मराठी शाळेत शिकलेल्या तरुणांना दोन्ही लिप्या येतात. मराठी वाचक म्हणजे कन्नड न कळणारा, हे गृहीतक तिथेच गळून पडलं.

संमतीपत्र मराठी आणि कन्नड दोन्हींत ठेवलं आणि आधी वाचून दाखवलं. गटातला एक संशोधक कन्नडभाषक होता. त्याचा उपयोग भाषांतरापेक्षा वेगळाच झाला: शेजारच्या कन्नड घरांतूनही लोक येऊन बसले आणि त्यांना काय हवंय तेही सांगू लागले.

एक साधन आम्ही जाणूनबुजून वापरलं नाही. एखादी गोष्ट वापरायला किती सोपी हे मोजणारी, जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली दहा विधानांची मोजपट्टी अशा कामात सर्रास लावतात. तिच्यात एक विधान चांगलं, पुढचं वाईट अशी उलटसुलट मांडणी असते आणि प्रत्येकाला सहमती-असहमतीचे पाच पर्याय असतात. आपल्या ओसरीवर आलेल्या पाहुण्याचं मन राखायचं म्हणून लोक दहाही विधानांना मान डोलावतात आणि हाती येणाऱ्या गुणाला काही अर्थ राहत नाही. आम्ही कामं दिली आणि बघत बसलो.

हात गुंतलेले, कान मोकळे

निपाणीत एका घरी दुपारच्या वेळी तिघीचौघी विड्या वळत बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात कातरलेली ओलसर पानं आणि जर्दा, बोटांत दोरा. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने, त्यामुळे हात थांबला की पैसे थांबले. त्यातल्या थोरल्या मावशींना मी फोन दिला आणि सकाळचं बातमीपत्र लावून दाखवा म्हटलं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, “हात मोकळं कुठं हायत ताई, तूच दाब की.”

मी दाबलं. बातमीपत्र सुरू झालं. मिनिटाभराने पडदा विझला आणि आवाज बंद पडला. सुनेने पदराला बोटं पुसली, फोन उघडला, पुन्हा लावलं, तर ते पहिल्यापासून सुरू झालं. दुसऱ्यांदा विझल्यावर कुणी हात लावला नाही. शेजारच्या खोलीतला टीव्ही मोठा केला गेला.

वापराच्या चाचणीत आपण बहुतेक वेळा बटण सापडतं का, मजकूर कळतो का एवढंच बघतो. इथे बटण सापडत होतं. अडचण अशी होती की हे संकेतस्थळ डोळे आणि बोटं दोन्ही मागत होतं, आणि ऐकणाऱ्या बाईकडे फक्त कान शिल्लक होते. रेडिओने ही गरज कित्येक दशकं पुरी केली होती. एकदा खुंटी फिरवली की संध्याकाळपर्यंत तिला हात लावावा लागत नसे. त्यामुळे पुढच्या नमुन्यासाठी तीन गोष्टी पहिल्या ओळीत लिहिल्या गेल्या: पडदा विझला तरी आवाज चालू राहिला पाहिजे, थांबलं तिथून पुढे सुरू झालं पाहिजे, आणि एक कार्यक्रम संपला की न विचारता पुढचा लागला पाहिजे.

वडगावात याच्या नेमकं उलट. चार माग चालू असलेल्या खोलीत शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, तिथे बातमीपत्र ऐकणार कोण? तिथला विणकर कांडी बदलताना, धागा जोडताना फोनकडे नजर टाकतो. त्याला चार ओळी हव्या होत्या, मोठ्या अक्षरात, आणि पान उघडताक्षणी. वर जाहिरातीसारखा सरकणारा फोटो आला की त्याची कांडी बदलून झालेली असते. एकच बातमी ऐकण्याजोगी आणि वाचण्याजोगी अशा दोन्ही रूपांत शेजारीशेजारी असली पाहिजे, हे या दोन खोल्यांनी दाखवून दिलं.

वडगावातच एका वयस्क गृहस्थांनी मराठी पान बघून ‘हे हिंदी आहे’ म्हणून परत दिलं. मजकूर शुद्ध मराठी होता. गोम टंकात, म्हणजे फॉन्टमध्ये, होती: ल आणि श यांची मराठीतली वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत, आणि पान मराठीचं आहे हे ब्राउझरला स्पष्ट सांगितलं नाही तर तो हिंदी वळणाची अक्षरं दाखवतो. टंकात दोन्ही रूपं होती. पानाच्या सांकेतिक मजकुरात भाषेची एक खूण तेवढी राहिली होती. ती घातली आणि काम झालं.

खानापूरच्या पश्चिमेला प्रश्न रेंजचा. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबी भागात पावसाळ्यात वीज जाते, टॉवर बंद पडतो, आणि माणसं फोनची बॅटरी जपून वापरतात. आमचं पान उघडायला दिल्यावर एक मुलगा फोन आमच्याकडे वळवून म्हणाला, “फिरूलालंय नुसतं.” दहा मिनिटांचं बातमीपत्र सेकंदाला १२८ किलोबिटच्या दर्जाने ठेवलं तर साधारण साडेनऊ एमबी होतं, ३२ च्या दर्जाने अडीच एमबीच्या आत बसतं. निवेदकाचा आवाज ३२ मध्येही स्वच्छ कळतो. गावच्या वरच्या टेकाडावर रेंज मिळते तिथे उतरवून घ्यायचं आणि घरी येऊन ऐकायचं, ही त्या मुलांची सवय आधीपासून होती. त्यांनी मागितलं ते एवढंच की फाइल किती मोठी आहे ते दाबायच्या आधी लिहा.

यमगर्णीचा पूल कुणाच्या राज्यात

आता मुख्य चाचणी. आराखड्यातली नुसती पानांची नावं, चित्रं-रंग काहीही न ठेवता, एकाखाली एक मांडली आणि काम दिलं: मुलगी उद्या कोल्हापूरहून येणार आहे, यमगर्णीला रस्त्यावर पाणी आलंय का ते बघायचंय, कुठे जाल?

हे काम आम्ही हवेतून काढलं नव्हतं. जुलै २०२१ मध्ये वेदगंगेचं पाणी निपाणीजवळ यमगर्णी इथे पुणे-बेंगळुरू महामार्गावर चढलं आणि वाहतूक थांबली. वेदगंगा येते भुदरगड तालुक्यातून, तिच्यावरचं पाटगाव धरण तिथे. दूधगंगेवरचं काळम्मावाडी धरण राधानगरी तालुक्यात. पाऊस कोल्हापूर जिल्ह्यात पडतो, धरणातून पाणी तिथे सुटतं आणि नदीकाठ बुडतो निपाणी-चिक्कोडीचा. कोयनेतून सोडलेलं पाणी कृष्णेतून चिक्कोडी, रायबाग, अथणीपर्यंत पोचतं, आणि खाली अलमट्टीतून किती सोडलं जातंय त्याकडे सांगली-कोल्हापूरची माणसं डोळे लावून बसतात. नदीने राज्याची हद्द कधी मानली नाही.

आराखड्यात मात्र काळम्मावाडीचा विसर्ग महाराष्ट्राखाली मराठीत, आणि यमगर्णीचा रस्ता कर्नाटकाखाली कन्नडमध्ये. निपाणीत बहुतेकांनी आधी महाराष्ट्र धरलं, कारण मराठी तिथे होतं. कोल्हापूर सापडलं, निपाणी नाही. मागे आले, कर्नाटक धरलं, पुढचं नाव कन्नड लिपीत. पुन्हा मागे. तिथून पुढे जवळजवळ सगळ्यांचा रस्ता एकच होता: यूट्यूब उघडून आवाजाने ‘निपाणी पाणी’ असं शोधायचं. तिथे मिळणारी चित्रफीत आजची आहे की दोन वर्षांपूर्वीची हे ओळखायला काही साधन नसतं. पुराच्या दिवसांत ही साधी गैरसोय राहत नाही, माणूस चुकीच्या माहितीवर गाडी काढतो. सार्वजनिक सेवेचं काम नेमकं या ठिकाणी आहे असं माझं ठाम मत आहे. प्रसार भारती कायदा, १९९० च्या कलम १२ मध्ये देशातल्या विविध प्रदेशांच्या भाषा-संस्कृतींना पुरेसं स्थान देणं हे उद्दिष्ट म्हणून लिहिलेलं आहे, आणि भाषा प्रदेशाच्या रेषेवर संपते असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

त्यानंतर चिठ्ठ्यांचा खेळ घेतला. प्रत्येक चिठ्ठीवर एक विषय: हिडकल धरणाची पातळी, राकसकोपचं पाणी, कोल्हापूरचा गुळाचा भाव, कर्नाटकाच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार, बायकांचा मोफत बसप्रवास, गोव्यातली नोकरभरती, वारीचं थेट प्रक्षेपण, कीर्तन, क्रिकेट, मुंबईचं राजकारण, बेंगळुरूचं राजकारण. एकसारख्या वाटतील त्या एकत्र ठेवा म्हणून सांगितलं. ढीग पडले ते असे: पाणी-पाऊस एकीकडे, बाजारभाव एकीकडे, सरकारकडून मिळणारं एकीकडे, देवाधर्माचं एकीकडे, आणि मुंबई-बेंगळुरू दोन्ही राजकारणं मिळून एक ढीग, तो बहुतेकांनी सगळ्यात लांब सरकवला. राज्याप्रमाणे ढीग कुणीही लावला नाही. शेजारच्या कन्नडभाषक बाईंनी लावलेले ढीगही जवळपास हेच होते, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या अभ्यासातली सर्वांत आनंदाची नोंद ही आहे.

‘सरकारकडून मिळणारं’ या ढिगावर सगळ्यात जास्त बोलणं झालं. गृहलक्ष्मीचा हप्ता का अडकला, कुठला कागद जोडायचा, कुणाकडे जायचं, हे बायकांना हवं होतं आणि ते मराठीत हवं होतं. विषय कर्नाटकाचा, भाषा मराठी. आराखड्यात या जोडीला जागाच नव्हती.

काय बदललं

नव्या नमुन्यातून राज्याची चौकट गेली. भाषा आणि जिल्हा हे दोन स्वतंत्र पर्याय झाले, कुठल्याही भाषेसोबत कुठलाही जिल्हा घेता येतो, आणि दोन्ही नंतर कधीही बदलता येतात. फोनच्या ठिकाणावरून काही आपोआप ठरवणं बंद केलं. एका बातमीला एकापेक्षा जास्त जिल्हे लावायची सोय आली, आणि पुरासाठी जिल्ह्याऐवजी नदी धरली: वेदगंगा, दूधगंगा, कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा. वेदगंगा उघडली की पाटगावचा विसर्ग आणि यमगर्णीचा रस्ता एकाखाली एक दिसतात, प्रत्येकावर वेळ आणि तारीख ठळक.

शोधात बेळगाव, बेळगावी, बेलगाम, आणि रोमन लिपीतली सगळी रूपं एकाच ठिकाणी नेतात. १ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटकातल्या बारा शहरांची अधिकृत नावं बदलली, त्या सगळ्यांसाठी हे केलं. बातमीच्या मजकुरात कुठलं नाव छापायचं हा संपादकांचा निर्णय आहे. शोधणाऱ्याला त्याने टाइप केलेल्या नावावरून अडवायचं नाही, एवढं आमच्या हातात होतं.

नमुना पुन्हा त्याच तीन ठिकाणी नेला. यमगर्णीच्या रस्त्यावरचं पाणी शोधायचं काम निपाणीत बहुतेकांनी मागे न येता पार पाडलं. कणकुंबीकडे उतरवून घेतलेलं बातमीपत्र विनारेंज वाजलं. विड्या वळणाऱ्या मावशींकडे फोन कोनाड्यात ठेवला आणि कार्यक्रम एकामागून एक लागत राहिले. तिथे नवीन मागणी आली ती आवाजाच्या चढउताराची: निवेदक हळू, मधली धून मोठी. ती ध्वनिमुद्रण विभागाकडे गेली आहे.

एक गोष्ट रचनेने सुटणारी नव्हती. मराठी आणि बेळगाव जिल्हा असे पर्याय निवडून पुढे गेल्यावर तिथे रोज काही असलं पाहिजे. कर्नाटक सरकारचा निर्णय मराठीत सांगणारी बातमी कुणीतरी बसून करावी लागते, आणि त्यासाठी दोन्ही भाषा वाचणारा माणूस बेळगावात असावा लागतो. अहवालात ही शिफारस आम्ही पहिल्या पानावर ठेवली, रंग-टंक-बटणांच्या आधी. भाषा-जिल्हा वेगळे करण्याचा बदल स्वीकारला गेला आहे. माणूस नेमण्याचा निर्णय अजून व्हायचा आहे. तोपर्यंत रिकामं पान दाखवण्यापेक्षा कोल्हापूर आणि धारवाडकडच्या संबंधित बातम्या तिथे याव्यात, आणि कन्नड बातमीचा चार ओळींचा मराठी सारांश संपादकाने तपासून द्यावा, अशी तात्पुरती व्यवस्था सुचवली आहे.

पुढची फेरी बीदर जिल्ह्यातल्या भालकी-औरादला आणि कारवारला घ्यायची आहे. औरादकडे मराठी आणि कन्नडसोबत तेलुगू आणि दखनीही कानावर असते, शेजार लातूर-नांदेडचा आणि तेलंगणाचा. तिथे एकच भाषा निवडायला सांगणंही जड जाईल असा अंदाज आहे, म्हणून त्या फेरीच्या नमुन्यात दोन भाषा एकत्र धरायची सोय आधीच घातली आहे.